वाचक विचारतात : पृथ्वीचा अंतर्गाभा कसा आहे आणि कशाचा आहे?

गेल्या अंकात आम्ही पृथ्वीच्या अंतरंगाचा छेद दाखविणारी एक आकृती छापली होती. वर पातळ भूकवच, त्याखाली जाड प्रावरण, मग द्रवरूप बाह्यगाभा आणि सर्वांत आत घनरूप अंतर्गाभा, असे चार रंग तिच्यात होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सर्वांत आतल्या रंगाविषयीच निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून आणि काही पत्रे थोडी संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : पृथ्वीचा गाभा लोह आणि निकेल यांचा बनलेला आहे, म्हणून त्याला (निकेलचे Ni आणि लोहाचे Fe या चिन्हांवरून) 'निफे' म्हणतात, असे मी वर्गात शिकवते. यंदा एका मुलाने सरळ विचारले, "बाई, तिथे कोण जाऊन आलं?" त्याला काय सांगावे? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : कोणीही गेलेले नाही, आणि तेथून खडकाचा वा धातूचा एक कणही कोणी आणलेला नाही, हेच त्याला आधी सांगावे. रशियातील कोला द्वीपकल्पावर खणलेले विवर हे माणसाने केलेले सर्वांत खोल छिद्र समजले जाते. त्याची खोली १२,२६२ मीटर आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी आपल्याकडे सह्याद्रीत सुमारे तीन किलोमीटर खोल विवर घेतले गेले, तेही सोपे काम नव्हते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे आणि अंतर्गाभा सुरू होतो तोच मुळी ५,१५० किलोमीटर खोलीवर. म्हणजे कोलाच्या विवराने केंद्रापर्यंतच्या वाटेचा जेमतेम पाचशेवा हिस्सा गाठला आहे.

तरीही गाभा लोहाचा आहे असे आपण ठामपणे म्हणतो, कारण एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे एकाच निष्कर्षावर येतात. पहिला पुरावा वजनाचा. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट असल्याचे दाखविले, आणि आजचा आकडाही ५.५१ आहे. आपल्या पायाखालचे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतात. वरचे खडक सरासरीहून इतके हलके असतील, तर आत कोठेतरी सरासरीहून पुष्कळच जड पदार्थ असला पाहिजे. पृथ्वीच्या परिवलनावरून तिच्यातील वस्तुमान कसे वाटले गेले आहे याचाही हिशोब मांडता येतो, आणि तो हिशोब हे जड द्रव्य केंद्राकडे एकवटलेले असल्याचेच सांगतो.

दुसरा पुरावा आकाशातून पडतो. काही अशनी जवळजवळ शुद्ध धातूचे, म्हणजे लोह आणि निकेल यांचे असतात. अशा अशनीची चकती कापून, घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवले, की एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या पट्ट्यांची नक्षी वर येते. कमी निकेल असलेल्या आणि जास्त निकेल असलेल्या अशा दोन प्रकारच्या स्फटिकांच्या त्या पट्ट्या असतात. वितळलेला धातू लाखो वर्षे अतिशय सावकाश निवत गेल्याशिवाय ही नक्षी तयार होत नाही, त्यामुळे ती कारखान्यात हुबेहूब बनविता येत नाही. सूर्यमालेच्या बालपणी फुटून गेलेल्या छोट्या खगोलांच्या गाभ्यांचे हे तुकडे असावेत, असे मानले जाते. ज्या द्रव्यापासून ते खगोल घडले त्याच जातीच्या द्रव्यापासून पृथ्वी घडली असल्याने, तिच्याही पोटात लोह आणि त्याबरोबर थोडे निकेल असणे स्वाभाविक आहे. निकेलचे प्रमाण सुमारे पाच टक्के धरतात, ते याच तुलनेवरून.

तिसरा पुरावा भूकंपलहरींचा. अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्च यांनी १९५२ साली गाभ्यातील लहरींचा वेग आणि तेथील घनता प्रयोगशाळेतील मोजमापांच्या शेजारी ठेवून पाहिली. विश्वात मुबलक सापडणाऱ्या मूलद्रव्यांपैकी त्या दोन्ही आकड्यांशी जुळणारे लोहच निघाले. मात्र बर्च यांना त्याच वेळी हेही दिसले की हा जुळणारा पदार्थ शुद्ध लोह नाही. त्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे. 'निफे' हे नाव वर्गापुरते चालण्यासारखे असले, तरी ते अर्धे सत्य आहे, असे आमचे मत आहे.

प्रश्न : बाह्यगाभा द्रव आहे आणि त्याच्या आत पुन्हा घन गोळा आहे, हे नेमके कोणी आणि कशावरून शोधले? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : या शोधाची सुरुवात एका अर्थाने भारतात झाली. १२ जून १८९७ रोजी आसाम आणि शिलाँगच्या पठारावर फार मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या या भूकंपाच्या नोंदींत त्यांना तीन वेगवेगळ्या प्रकारच्या लहरी ओळखता आल्या : सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरी, त्यामागून येणाऱ्या दुय्यम लहरी आणि पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या लहरी. पुढे १९०६ साली त्यांनीच असे दाखविले की पृथ्वीच्या मध्यभागातून जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, म्हणजे तेथे निराळ्या द्रव्याचा गाभा आहे. जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४ साली या गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे ठरविले, आणि तो आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे.

प्राथमिक लहरी या दाब-लहरी असतात आणि त्या घन, द्रव, वायू अशा सर्व पदार्थांतून जातात. दुय्यम लहरी पदार्थाला आडवे हेलकावे देत पुढे सरकतात, आणि द्रवाला आडव्या हेलकाव्याचा प्रतिकार करता येत नसल्याने त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. गाभ्याच्या पलीकडे या लहरी सापडत नव्हत्या. शिवाय हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९२६ साली, भरती-ओहोटीच्या ओढीने पृथ्वी किती वाकते याचा हिशोब करून, गाभा द्रव असला पाहिजे असे दाखविले. प्रावरण कठीण असूनही सबंध पृथ्वी हिशोबापेक्षा लवचीक ठरत होती, ती आतल्या द्रवामुळेच. येथे प्रश्न संपला, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

तो संपला नव्हता, हे कोपनहेगनच्या इंगे लेमान यांनी ओळखले. डेन्मार्कच्या भूमापन संस्थेतील भूकंपशास्त्र विभाग त्यांच्याकडे होता आणि ग्रीनलँडमधील भूकंपकेंद्रांची देखरेखही त्याच करीत. १९२९ च्या जूनमध्ये न्यूझीलंडमधील मर्चिसन भागात मोठा भूकंप झाला. द्रव गाभ्यात शिरताना प्राथमिक लहरींचा वेग एकदम कमी होतो आणि त्या आतल्या बाजूला वळतात. त्यामुळे भूकंपाच्या ठिकाणापासून सुमारे १०४ अंश ते १४२ अंश या पट्ट्यात, म्हणजे साधारण साडेअकरा हजार ते पावणेसोळा हजार किलोमीटर अंतरावर, थेट प्राथमिक लहरी पोहोचतच नाहीत. याला छायाप्रदेश म्हणतात. या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या वेळी मात्र सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क आणि इर्कुत्स्क येथील चांगल्या यंत्रांवर, जेथे काहीच दिसायला नको होते तेथे, क्षीण पण स्पष्ट लहरी उमटल्या होत्या. गाभ्याच्या कडेला वळसा घालून आलेली ही गळती असावी, असे तोवरचे स्पष्टीकरण होते. लेमान यांना ते पटले नाही, कारण वळसा घालून आलेल्या लहरी इतक्या ठसठशीत असायला नकोत.

संगणक नसण्याचा तो काळ. भूकंपांच्या वेळा आणि अंतरे पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून, ती कार्डे ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावून, बागेतल्या टेबलाशी बसून त्या आकडेमोड करीत, अशी आठवण त्यांच्या एका नातेवाइकाने नोंदवून ठेवली आहे. त्यांनी मुद्दामच सोपे प्रतिरूप घेतले : प्रावरणात लहरींचा वेग सर्वत्र सेकंदाला १० किलोमीटर, गाभ्यात ८ किलोमीटर, आणि गाभ्याच्या मध्यभागी जास्त वेगाचा आणखी एक लहान गोळा. त्या आतल्या गोळ्यावर आदळून परावर्तित झालेल्या लहरी बरोबर छायाप्रदेशात येऊन पडतात, हे त्यांच्या गणितातून दिसले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे शीर्षक अवघ्या एका अक्षराचे, शेजारी छोटी खूण असलेल्या 'पी'चे, होते. भूविज्ञानात इतक्या आखूड शीर्षकाचा आणि इतक्या वजनदार निष्कर्षाचा दुसरा निबंध आमच्या पाहण्यात नाही. लेमान १०४ वर्षे जगल्या आणि आपल्या शोधाची पुढची बरीचशी कहाणी त्यांना पाहता आली.

लेमान यांनी आतला गोळा दाखविला, पण तो घन असल्याचे त्यांनी सिद्ध केले नव्हते. तो घन असल्याची कल्पना पुढच्या दहा वर्षांत फ्रान्सिस बर्च आणि कीथ बुलन यांनी मांडली, आणि तिला भक्कम पुरावा मिळायला १९७१ साल उजाडले. फार मोठ्या भूकंपानंतर सगळी पृथ्वी घंटेसारखी कंप पावते आणि तिच्या सर्वांत संथ कंपनांपैकी एकाला जवळजवळ ५४ मिनिटे लागतात. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतरच्या अशा कंपनांच्या नोंदी अ‍ॅडम झिवोन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी तपासल्या. मध्यभागी घन गोळा मानल्याशिवाय त्यांचे आवर्तनकाळ जुळत नव्हते. अंतर्गाभ्यातून दुय्यम लहरी खरोखरच जातात याचा प्रत्यक्ष माग काढणे त्याहून कठीण ठरले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१८ साली तो काढला तेव्हा तेथे या लहरींचा वेग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर निघाला. घन लोहाच्या मानाने हा वेग फारच कमी आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

प्रश्न : अंतर्गाभा बाह्यगाभ्यापेक्षा जास्त तापलेला असूनही तो घन आणि बाहेरचा द्रव, हे उलटे वाटते. शिवाय केंद्राशी गुरुत्वाकर्षण शून्य असते म्हणतात. मग तेथे दाब कोठून येतो? (एक निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : दोन्ही प्रश्न नेमके आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करू. एखाद्या ठिकाणचा दाब तेथील गुरुत्वाकर्षणावर ठरत नाही. वरच्या सगळ्या थरांचा साठत आलेला भार म्हणजे तो दाब. भूपृष्ठावर गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद असते, अंतर्गाभ्याच्या सीमेवर ते सुमारे ४.४ उरते आणि केंद्राशी शून्य होते. पण म्हणून वरचा भार नाहीसा होत नाही. केंद्राजवळ पोहोचता पोहोचता दाबाची वाढ मंदावते, एवढेच. अंतर्गाभ्याच्या सीमेवर दाब ३३० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३३ लाख पट असतो, आणि केंद्राशी तो ३६४ गिगापास्कल होतो. सीमेपासून केंद्रापर्यंतच्या १,२२० किलोमीटरांत वाढ इतकीच होते, याचे कारण कमी होत जाणारे गुरुत्वाकर्षण.

आता घन-द्रवाविषयी. भट्टीत, साध्या दाबाखाली, लोह १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. दाब वाढविला की अणूंना मोकळे होणे अवघड जाते आणि वितळण्याचे तापमान चढत जाते. फ्रान्समधील ग्रनोबल येथील क्ष-किरण सुविधेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार, अंतर्गाभ्याच्या सीमेवरील दाबाखाली शुद्ध लोहाचा द्रवणांक सहा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. पृथ्वीत खोल जाताना तापमानही वाढते, पण द्रवणांक त्याहून अधिक वेगाने वाढतो. बाह्यगाभ्यात प्रत्यक्ष तापमान द्रवणांकाच्या वर आहे, म्हणून तेथे धातू द्रव आहे. ५,१५० किलोमीटर खोलीवर तापमान आणि द्रवणांक यांच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि त्याच्या आत द्रवणांक तापमानाच्या वर जातो, म्हणून तेथे धातू घन आहे. अंतर्गाभ्याचे पाच ते सहा हजार अंशांचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या तोडीचे आहे. तो थंड असल्यामुळे गोठलेला नाही, दाबाखाली गोठलेला आहे.

प्रश्न : लोह आणि निकेल यांखेरीज अंतर्गाभ्यात आणखी काय आहे? पृथ्वीवरचे बहुतेक सोने तेथे आहे, हे खरे का? (पुणे, सांगली आणि मडगाव येथील वाचक)

उत्तर : सोन्याचे आधी सांगून टाकू, म्हणजे उरलेल्या उत्तराकडे लक्ष लागेल. सोने, प्लॅटिनम, इरिडियम हे धातू सिलिकेट खडकापेक्षा लोहात सहज विरघळतात. पृथ्वी तरुण आणि बरीचशी वितळलेली असताना लोह जड म्हणून केंद्राकडे उतरले आणि जाताना हे धातू बरोबर घेऊन गेले. त्यामुळे पृथ्वीवरील सोन्याचा बहुतांश भाग गाभ्यात आहे हे खरे, पण हे सबंध गाभ्याविषयी आहे, एकट्या अंतर्गाभ्याविषयी नाही. भाव उतरण्याची आशा त्या दिशेने ठेवू नये.

मूळ प्रश्न अधिक रंजक आहे. अंतर्गाभ्याची घनता त्याच्या सीमेवर पाण्याच्या सुमारे १२.८ पट आणि केंद्राशी १३.१ पट आहे. तितक्याच दाबाखाली आणि तितक्याच तापमानाला शुद्ध लोहाची घनता याहून काही टक्के अधिक भरते. निकेल हे लोहाहून किंचित जड असल्याने ते मिसळून ही तूट भरत नाही, उलट वाढते. तेव्हा लोहापेक्षा हलके असे काहीतरी त्यात मिसळलेले आहे. बाह्यगाभ्यात ही तूट आणखी मोठी आहे. हलक्या मूलद्रव्यांचे उमेदवार पाच : सिलिकॉन, गंधक, ऑक्सिजन, कार्बन आणि हायड्रोजन. ही पाचही विश्वात मुबलक आहेत आणि योग्य परिस्थितीत लोहात मिसळतात.

यांतले कोणते किती, यावर पन्नासहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्यातल्या त्यात ऑक्सिजनचे वागणे स्पष्ट दिसते. त्याला घन लोहाच्या जाळीत जागा मिळत नाही आणि द्रव गोठताना तो बाहेरच्या द्रवात ढकलला जातो. अंतर्गाभा आणि बाह्यगाभा यांच्या सीमेवर घनतेत जी उडी दिसते, ती केवळ गोठण्यामुळे व्हावी त्यापेक्षा मोठी आहे, आणि ऑक्सिजनचे हे वाटप तिचे चांगले स्पष्टीकरण ठरते. सिलिकॉन आणि गंधक यांचे अणू आकाराने लोहाच्या अणूंशी बरेच जुळते असल्याने ते दोन्हीकडे जवळजवळ सारखे वाटले जातात. हायड्रोजन मात्र संशोधकांची परीक्षा पाहतो : दाबाखाली तो लोहात भरपूर शिरतो, पण दाब काढताच निसटतो, त्यामुळे प्रयोगानंतर नमुना तपासून त्याचे प्रमाण काढता येत नाही.

हे प्रयोग कसे होतात, तेही पाहण्यासारखे आहे. दोन पैलूदार हिरे टोकाला टोक लावून बसवितात. प्रत्येकाचे टोक घासून इतके बारीक केलेले असते की त्याची रुंदी केसाच्या जाडीहूनही कमी भरते. त्यांच्या फटीत, धातूच्या पत्र्याला पाडलेल्या छिद्रात, लोहाचा अगदी सूक्ष्म नमुना ठेवून स्क्रू आवळतात. हिऱ्यातून आरपार लेझर सोडून नमुना तापवितात आणि त्याच वाटेने क्ष-किरण सोडून स्फटिकाची रचना वाचतात. बल थोडेच लागते. क्षेत्रफळ नगण्य असल्याने दाब प्रचंड होतो. जपानी संशोधकांनी २०१० साली अशाच साधनात ३७७ गिगापास्कल आणि ५,७०० केल्व्हिनपर्यंत मजल मारली, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राचाही दाब ओलांडला. तेथे लोहाचे अणू षट्कोनी दाट रचनेत बसलेले आढळले. आपल्या घरातल्या खिळ्यात ते घनाकृती रचनेत असतात. अंतर्गाभ्याच्या अतिउष्ण परिस्थितीत, विशेषतः हलकी मूलद्रव्ये मिसळलेली असताना, घनाकृती रचना पुन्हा डोके वर काढते असे काही सैद्धांतिक गणिते सांगतात, पण प्रयोगाचे पारडे आजतरी षट्कोनी रचनेकडे झुकलेले आहे.

आता दुय्यम लहरींच्या त्या कमी वेगाकडे परत येऊ. घन असूनही अंतर्गाभा इतका मऊ का वागतो? २०२२ साली चिनी संशोधकांच्या एका गटाने संगणकीय गणिताने सुचविले की अंतर्गाभ्याच्या परिस्थितीत लोहाचे अणू जाळीत जागच्या जागी राहतात, मात्र हायड्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन यांचे अणू त्या जाळीतून द्रवासारखे फिरत असतात. एकाच पदार्थाचा सांगाडा घन आणि त्यातला हलका अंश वाहता, अशी ही अवस्था आहे. ती खरी असेल तर पदार्थ घन असूनही त्याचा ताठपणा बराच कमी होतो आणि लहरींचा मंद वेग समजतो.

कार्बनविषयी एक वेगळाच धागा आहे. कोणताही द्रव गोठायला सुरुवात होण्यासाठी पहिला स्फटिक जमावा लागतो आणि त्यासाठी द्रव त्याच्या गोठणबिंदूच्या काही अंश खाली जावा लागतो. शुद्ध लोह गाभ्यात आपोआप गोठण्यासाठी ते शेकडो अंशांनी अतिशीत व्हायला हवे, आणि गाभा इतका निवलेला असता तर अंतर्गाभा आज आहे त्याहून कितीतरी मोठा असता, अशी अडचण २०१८ साली अमेरिकन संशोधकांनी मांडली. म्हणजे हिशोबाप्रमाणे अंतर्गाभा जन्मालाच यायला नको होता! ब्रिटिश संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या गणितांनुसार गाभ्यात वजनाने ३.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन असेल तर ही अडचण बरीचशी सुटते, कारण कार्बनमुळे पहिला स्फटिक जमणे सोपे होते. गाभ्यात काय आहे हे ठरविण्याची ही रीत आम्हांला विशेष आवडली. येथे वजन आणि वेग यांच्या जोडीला 'तो गोठू शकला' ही साधी गोष्टही पुराव्याला आली आहे.

प्रश्न : अंतर्गाभा सगळीकडे एकसारखा आहे, की त्यातही थर आहेत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : एकसारखा मुळीच नाही. १९८३ ते १९८६ या काळात असे लक्षात आले की पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडून ध्रुवाकडे, अंतर्गाभ्यातून जाणाऱ्या प्राथमिक लहरी विषुववृत्तीय पातळीत जाणाऱ्या लहरींपेक्षा काही सेकंद आधी पोहोचतात. हा फरक सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास आहे. लाकूड धाग्याच्या दिशेने एक आणि आडवे दुसरे वागते, तसेच लोहाचे स्फटिकही दिशेप्रमाणे वेगळे वागतात, आणि अंतर्गाभ्यातले बरेचसे स्फटिक एका दिशेकडे कलून मांडले गेले असावेत असा याचा अर्थ लावतात. ते कशामुळे कलले, याबद्दल मात्र एकमत नाही. विषुववृत्ताजवळ अंतर्गाभा अधिक वेगाने वाढत असल्याने त्यातला घन पदार्थ हळूहळू सरकतो आणि सरकताना स्फटिक वळतात, हे एक स्पष्टीकरण आहे.

दुसरी गोष्ट पूर्व आणि पश्चिम यांतल्या फरकाची. अंतर्गाभ्याच्या वरच्या थरात पूर्वेकडील अर्ध्या भागात, ज्यात आशियाखालचा म्हणून आपल्याही पायाखालचा भाग येतो, प्राथमिक लहरी किंचित जलद जातात आणि लवकर क्षीण होतात. पश्चिम अर्ध्यात दिशेनुसार पडणारा फरक अधिक ठळक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत आतली. मियाकी इशी आणि अ‍ॅडम झिवोन्स्की यांनी २००२ साली, केंद्राभोवती सुमारे ३०० किलोमीटर त्रिज्येचा आणखी एक वेगळा गोळा असल्याचे सुचविले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील थान-सोन फाम आणि ह्र्वोये टाकाल्चिच यांनी २०२३ साली या कल्पनेला नवे बळ दिले. मोठ्या भूकंपानंतर काही लहरी पृथ्वीच्या व्यासावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाच वेळा जा-ये करताना त्यांनी टिपल्या. प्रत्येक फेरीत त्या केंद्राजवळून जातात, त्यामुळे तेथला सूक्ष्म फरकही साठत जाऊन मोजण्याइतका मोठा होतो. त्यांच्या मते सर्वांत आतल्या सुमारे ६५० किलोमीटर त्रिज्येच्या भागात लहरींची सर्वांत मंद दिशा अक्षाशी जवळजवळ ५० अंशांचा कोन करते, तर बाहेरच्या भागात ती विषुववृत्ताच्या पातळीत असते. पृथ्वीच्या इतिहासात अंतर्गाभ्याच्या वाढीची रीत मध्येच कधीतरी बदलली असावी, असा त्यावरून तर्क करता येतो. पुढच्या वेळी आकृती छापताना चारऐवजी पाच रंग वापरावेत की नाही, याचा विचार आम्ही करीत आहोत.

प्रश्न : 'पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला, आता उलटा फिरणार' अशी बातमी वाचली. काही धोका आहे का? (अनेक वाचक)

उत्तर : धोका नाही, आणि बातमीचे शीर्षकही चुकीचे होते. अंतर्गाभा पृथ्वीबरोबर दिवसाला एक फेरी घेतच असतो. प्रश्न आहे तो प्रावरणाच्या तुलनेत तो किंचित पुढे जातो की मागे पडतो, इतकाच. दक्षिण अटलांटिकमधील साउथ सँडविच बेटांजवळ वर्षानुवर्षे त्याच जागी, तशाच प्रकारचे भूकंप होतात आणि त्यांच्या लहरी अंतर्गाभ्यातून अलास्कापर्यंत पोहोचतात. अशा लहरींच्या वेळा बदलत असल्याचे १९९६ साली श्याओडोंग सोंग आणि पॉल रिचर्ड्स यांनी दाखविले आणि अंतर्गाभा वर्षाला सुमारे एक अंश पुढे जातो असे अनुमान काढले. पुढे हा वेग बराच कमी निघाला. २०२४ साली १९९१ ते २०२३ मधील १२१ पुनरावृत्त भूकंपांवरून असे दिसले की २००८ पर्यंत पुढे सरकत असलेला अंतर्गाभा त्यानंतर, पूर्वीच्या मानाने दोन-तीन पट सावकाश, आलेल्या वाटेनेच मागे येत आहे. दिवसाच्या लांबीवर याचा परिणाम झालाच तर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर होतो.

प्रश्न : अंतर्गाभा लोहाचा आहे म्हणूनच पृथ्वी चुंबक आहे ना? (एक विद्यार्थिनी, अलिबाग)

उत्तर : नाही. लोह ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याचे कायम चुंबकत्व नाहीसे होते, आणि अंतर्गाभा त्याच्या कितीतरी पट तापलेला आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बाह्यगाभ्यातल्या वाहत्या लोहामुळे निर्माण होते. वीजवाहक द्रव ढवळला जातो, परिवलनामुळे त्या प्रवाहांना पीळ पडतो आणि त्यातून विद्युत्प्रवाह व चुंबकीय क्षेत्र एकमेकांना टिकवून धरतात. तुमच्या गावातली वेधशाळा याच क्षेत्राचे मोजमाप करते. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला होत असे. विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ साली ते अलिबागला हलविण्यात आले. तेव्हापासूनच्या नोंदींत क्षेत्राचे संथ बदल दिसतात आणि त्यांचा उगम थेट बाह्यगाभ्यातल्या प्रवाहांत आहे.

अंतर्गाभा येथे चुंबक म्हणून कामाला येत नाही, तो हे यंत्र चालू ठेवतो. पृथ्वी सावकाश निवत असल्याने बाह्यगाभ्यातले लोह त्याच्यावर गोठत जाते आणि त्याची त्रिज्या वर्षाला सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास वाढते. गोठताना अप्रकट उष्णता बाहेर पडते आणि न सामावलेली हलकी मूलद्रव्ये द्रवात सुटून वर चढू लागतात. या दोन्हींमुळे द्रव ढवळत राहतो. अंतर्गाभ्याचे वय ५० कोटी ते १५० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत. चुंबकीय क्षेत्राच्या खुणा मात्र ३०० कोटी वर्षांहून जुन्या खडकांतही सापडतात, म्हणजे सुरुवातीचा फार मोठा काळ हे क्षेत्र अंतर्गाभ्याशिवायच चालले. कॅनडातील क्युबेकमधल्या सुमारे ५६.५ कोटी वर्षे जुन्या खडकांत त्या काळचे क्षेत्र आजच्या दहाव्या हिश्श्याइतके क्षीण असल्याचे २०१९ साली दिसून आले. क्षेत्र विझायच्या बेताला आले असताना अंतर्गाभा गोठू लागला आणि त्याने ते सावरले, असा त्याचा एक अर्थ लावतात. आम्हांला तो पटण्याजोगा वाटतो, तरी अंतर्गाभ्याचे वय याहून जास्त मानणारेही पुष्कळ आहेत.

प्रश्न : सह्याद्रीचा काळा दगड हा गाभ्यातून वर आलेला लाव्हा आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाही. दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रावरणाचा खडक अंशतः वितळून वर आला. ज्या उष्ण स्रोताशी त्याचा संबंध जोडतात, त्यावर आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेट आहे आणि तेथील ज्वालामुखी अजूनही जागा आहे. असे स्रोत प्रावरणाच्या तळापासून, म्हणजे बाह्यगाभ्याच्या सीमेपासून निघत असावेत, असे बरेच संशोधक मानतात. हवाईच्या बेसाल्टात गाभ्यातून आलेल्या रुथेनियम या धातूची खूण सापडल्याचे जर्मनीतील ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केले आहे, पण तो धातू प्रावरणाला खेटून असलेल्या बाह्यगाभ्याचा. अंतर्गाभा आणि प्रावरण यांच्यामध्ये सुमारे २,२६० किलोमीटर जाडीचा द्रव लोहाचा थर आहे.